जुनी चिनी चावीची घड्याळं: काय घ्यावं, आत काय पाहावं, फसगत कुठे होते

काटेकोर (धागालेखक)

एचएमटीच्या धाग्यावर चिनी घड्याळांबद्दल इतके प्रश्न आले की वेगळा धागा काढणं बरं. हा धागा 1955 ते साधारण 1990 या काळातल्या, चावी देऊन चालणाऱ्या चिनी मनगटी घड्याळांपुरता ठेवू. क्वार्ट्झ नको, आजची बाजारातली नवी ऑटोमॅटिक नकोत.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळली नाही तर खरेदीत चूक होतेच.

मार्च 1955 मध्ये त्येनजिनमध्ये चार कारागिरांनी स्विस घड्याळ समोर ठेवून पहिलं चिनी मनगटी घड्याळ जुळवलं. त्याचं नाव 'वूशिंग', म्हणजे पाच तारे. त्याच वर्षी शांघायमध्येही नमुने तयार झाले. 1958 मध्ये शांघायचं ए581 मोठ्या प्रमाणावर निघायला लागलं: 17 ज्वेल (चाकांच्या आसांखालची घर्षण कमी करणारी रत्नं), ताशी 18000 ठोके, मधोमध सेकंदकाटा. पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या मनगटावर हेच मॉडेल असायचं. बेइजिंगचा कारखाना छांगपिंगमध्ये उभा राहिला, तोही 1958 चाच. पुढे ल्याओनिंग प्रांतात तानतोंग, शिवाय क्वांगचौ, नानजिंग, शीआन, छोंगछिंग अशी यादी वाढत गेली. 1966 मध्ये त्येनजिनने 'तोंगफेंग' आणलं. त्यातलं एसटी5 हे मशीन परदेशी नमुना न उतरवता चीनमध्येच आखलेलं होतं. तोंगफेंगची निर्यातीची आवृत्ती म्हणजे 'सी-गल'.

त्या काळी चीनमध्ये लग्न ठरलं की घरात चार वस्तू हव्या असत: सायकल, शिवणयंत्र, घड्याळ आणि रेडिओ. शांघायचं घड्याळ बराच काळ 120 युआनला होतं, म्हणजे साध्या कामगाराचा काही महिन्यांचा पगार, आणि वर कूपन लागायचं. म्हणून ही घड्याळं लोकांनी जपून वापरली, वेळच्या वेळी दुरुस्त करून घेतली. पन्नास वर्षांपूर्वीचं शांघाय आज चालू स्थितीत मिळतं त्याचं हे एक कारण आहे. आणि त्यात तीन-चार कारागिरांचे हात लागलेले असतात त्याचंही कारण हेच.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला एवढाच: तबकडी पाहून घेऊ नका, मागचं झाकण उघडलेला फोटो मागा. चिनी घड्याळाची खरी ओळख आत असते.

चावीवाला_मिरज

उत्तम धागा. 'तोंगजी'बद्दल सविस्तर लिहा ना. विक्रेते कुठल्याही चिनी घड्याळाला 'स्टँडर्ड मूव्हमेंट' म्हणून मोकळे होतात.

काटेकोर

तोंगजी म्हणजे सगळ्या कारखान्यांसाठी ठरवलेलं एकच मशीन. साठच्या दशकाच्या अखेरीस चीनच्या हलक्या उद्योगांच्या मंत्रालयाने मोठ्या कारखान्यांतले तंत्रज्ञ एकत्र आणले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आराखडा पक्का केला. रचनेवर स्विस एनिकारच्या मशीनची छाप आहे. ताशी 21600 ठोके, किमान 17 ज्वेल, पूर्ण चावीवर 40 तासांच्या वर चाल. मग प्रांताप्रांतात जे कारखाने निघाले त्यांनी स्वतःची रचना न करता हेच बनवलं. त्यामुळे छोंगछिंगचं 'शानछेंग' उघडा किंवा दुसऱ्या टोकाच्या प्रांतातलं घड्याळ उघडा, ब्रिजांची (चाकं वरून धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) मांडणी तीच दिसते. बदलतं ते फिनिशिंग आणि ब्रिजवर कोरलेला कारखान्याचा कोड.

पण प्रत्येक चिनी घड्याळ तोंगजी नाही. ए581 आणि त्याच्या पाठोपाठची शांघाय, एसटी5 असलेली तोंगफेंग आणि सी-गल, शांघायच्या स्टॉपवॉच कारखान्याचं 'त्सुआनशी' (आत एसएम1ए-के) ही सगळी स्वतंत्र मशीनं. शांघायमध्येच दोन्ही प्रकार सापडतात. मागच्या झाकणावर 7120 असेल तर आत कारखान्याचं स्वतःचं मशीन, 8120 असेल तर तोंगजी. झाकणाचा आकडा आणि आतलं मशीन जुळत नसेल तर घड्याळ दोन-तीन घड्याळांतून जुळवलेलं आहे असं समजा.

ठोका_21600

विक्रेता झाकण उघडायला तयार नसेल तर एक युक्ती. त्याच्याकडून सेकंदकाट्याचा स्लो-मोशन व्हिडिओ मागवा, सेकंदाला 240 फ्रेमचा. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये ती सोय असते. मूळ फाइल घ्या, मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ फ्रेम गाळतो. मग फ्रेम मोजा. काट्याच्या दोन उड्यांमध्ये 48 फ्रेम असतील तर 18000 ठोक्यांचं मशीन, 40 असतील तर 21600. तबकडी ए581 ची आणि उड्या 40 फ्रेमवर, तर आत नंतरचं मशीन बसवलेलं आहे, प्रश्नच नाही. उलट बाजूने मात्र खात्री मिळत नाही, 48 आलं म्हणून अस्सल ठरत नाही.

सई_दादर

तबकडीवरची चिनी अक्षरं वाचता येत नाहीत, तिथे अडतं. कुठली अक्षरं महत्त्वाची?

काटेकोर

फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून घ्या, बहुतेक वेळा पुरेसं होतं. लक्षात ठेवण्यासारखे शब्द चार: 'त्सुआन' म्हणजे ज्वेल, त्याच्या आधी आकडा असतो. 'फांगझेन' म्हणजे धक्क्यापासून संरक्षण. 'छुआनगांग' म्हणजे पूर्ण स्टीलची केस. 'पानगांग' म्हणजे अर्धी स्टील, मागचं झाकण स्टीलचं पण केस पितळेची आणि वर क्रोमचा मुलामा.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या सदस्यांनी पानगांग घेताना फार सांभाळावं. घाम आणि दमट हवेने मुलाम्याला आधी बारीक खड्डे पडतात, मग पट्ट्याच्या खांबांच्या आतल्या बाजूने पोपडे निघतात. पितळ उघडं पडलं की हिरवा थर धरतो आणि तो चावीच्या नळीतून आत उतरतो. फोटोत समोरून केस चकचकीत दिसते, म्हणून पट्टा काढून खांबांच्या आतले फोटो मागा. किंमत थोडी जास्त पडली तरी छुआनगांग घ्या.

जुनं_ते_सोनं

माओंचं चित्र असलेल्या घड्याळांचं काय? हात हलवणारे माओ, तारा, लाल तबकडी वगैरे. बरीच महाग दिसतात.

काटेकोर

हात हलवणाऱ्या माओंची घड्याळं ही नंतर पर्यटकांसाठी काढलेली आठवणवस्तू आहेत. सांस्कृतिक क्रांतीच्या काळातली म्हणून विकतात, तशी ती नाहीत. त्या काळातल्या खऱ्या घड्याळांवर माओंच्या हस्ताक्षरातली 'जनतेची सेवा करा' ही घोषणा तबकडीवर किंवा झाकणावर सापडते, पण तबकडी एरवी साधीच असते. संग्रह म्हणून पैसे घालायचे तर साध्या तबकडीच्या 'शांघाय', 'बेइजिंग', 'तोंगफेंग'वर घाला. त्यांची तबकडी पाहायला कमी भडक आणि अभ्यासाला कितीतरी जास्त समृद्ध आहे.

पिव्होट

रंगवलेली तबकडी ओळखायच्या खुणा लिहितो. आपल्याकडे 'मुंबई स्पेशल' म्हणून बदनाम झालेल्या रंगीत तबकड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे लवकर कळेल, पण चिनी तबकडीत फरक जास्त बारीक असतो.

पहिली गोष्ट, मिनिटांच्या रेघा. कारखान्याच्या छपाईत प्रत्येक रेघ सारख्या जाडीची आणि टोकाला सरळ कापलेली असते. हाताने किंवा स्क्रीनवर परत छापलेल्या तबकडीत रेघांची टोकं गोलसर, शाई थोडी फुगलेली. दुसरी, तासांच्या धातूच्या खुणा. तबकडी रंगवताना त्या काढून परत बसवतात किंवा त्यांच्याभोवती रंग भरतात, त्यामुळे मुळाशी रंगाची बारीक कड दिसते. 10 पट भिंगातून तिरक्या उजेडात पाहा. तिसरी, तबकडीच्या कडेला, सहाच्या खाली छापलेली बारीक अक्षरं. परत छापताना ती बहुधा केसच्या कडेखाली अर्धी दडतात, नाहीतर आतल्या बाजूला सरकतात.

तोंगजी घड्याळांत एक वेगळीच अडचण आहे. मशीन एकच असल्याने एका कारखान्याची तबकडी दुसऱ्याच्या मशीनवर बरेचदा सहज बसते. कारखाने बंद पडले तेव्हा सुट्या तबकड्या, केस, मशीनं ढिगाने बाहेर आली. आज 'न वापरलेलं, जुन्या साठ्यातलं' म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांपैकी कितीतरी त्या सुट्या भागांतून जुळवलेली असतात. प्रत्येक भाग अस्सल जुना, पण हे घड्याळ असं कारखान्यातून कधी निघालंच नव्हतं. म्हणून तीन गोष्टी जुळायला हव्यात: तबकडीवरचं गाव, झाकणावरचं कारखान्याचं नाव, ब्रिजवरचा कोड. दोन जुळून तिसरी वेगळी असेल तर वापरायला घ्या, संग्रहाच्या भावाने घेऊ नका.

ठोका_21600

पिव्होट यांच्या शेवटच्या मुद्द्यात एक भर. दुरुस्तीत ब्रिज बदललेला असू शकतो. ब्रिजवर एक कोड आणि मुख्य प्लेटवर, तबकडीखाली, दुसऱ्याच कारखान्याची खूण असंही दिसतं. ते फोटोतून कळत नाही, सर्व्हिसिंगलाच कळतं.

चावीवाला_मिरज

सर्व्हिसिंगचा विषय निघालाच आहे तर विचारतो. गावात एचएमटी करणारे घड्याळजी आहेत. त्यांच्याकडे तोंगजी द्यावं का?

पिव्होट

द्यावं. एचएमटीचं चावीचं मशीन हातातून गेलेल्या माणसाला तोंगजी अजिबात अवघड नाही, रचना साधी आहे. फक्त आधी विचारा: पूर्ण उघडून धुणार की वरून तेल सोडणार? वरून तेल सोडणाऱ्याकडे देऊ नका. जुनं तेल घट्ट झालेलं असतं, नवं त्यात मिसळून धुळीचा लगदा होतो, आणि पिव्होट (चाकांच्या आसांची बारीक टोकं) झिजायला लागतात.

स्वतः करणाऱ्यांसाठी क्रम लिहितो.

झाकण काढलं की आधी मेनस्प्रिंगचा, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, ताण सोडा. चावी बोटांत धरा, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा छोटा अडसर) चिमट्याने मागे ओढून धरा आणि चावी बोटांमधून सावकाश उलटी फिरू द्या. ताण ठेवून पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्याठोक्याने सोडणारा दुबेळक्याचा भाग) काढला तर सगळी चाकं एका झटक्यात गरगरतात आणि पिव्होट किंवा दात जातो. जुन्या घड्याळात मोडतोड सर्वात जास्त इथेच होते.

स्टेम (चावीचा दांडा) काढताना तो धरून ठेवणाऱ्या सेटिंग लिव्हरला स्क्रू असेल तर तो एक ते दोन आटेच ढिला करा. पूर्ण काढला तर लिव्हर तबकडीच्या बाजूला निखळून पडतो आणि तो परत बसवायला काटे, तबकडी सगळं उतरवावं लागतं.

क्राउन व्हीलचा (चावीचं फिरणं मेनस्प्रिंगकडे नेणारं चाक) स्क्रू उलट्या आट्यांचा असू शकतो. नेहमीच्या दिशेने जोर लागला की थांबा, उलट फिरवून पाहा. डोकं तुटलेले क्राउन व्हील स्क्रू याच कारणाने सापडतात.

धुण्यासाठी आधी नॅफ्था (लायटरमधलं इंधन चालतं), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा शेवटचा हात. पण पॅलेट फोर्क आणि बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) अल्कोहोलमध्ये ठेवू नका. त्यातले रत्नाचे तुकडे शेलॅकने म्हणजे लाखेने चिकटवलेले असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. ते दोन भाग नॅफ्थातच धुवा.

तेल: चाकांच्या जलद पिव्होटना आणि बॅलन्सच्या ज्वेलना मोबियस कंपनीचं 9010, मधल्या सावकाश चाकाला आणि बॅरलच्या (मेनस्प्रिंगचा डबा) आर्बरला, म्हणजे मधल्या आसाला, डी-5 किंवा त्या जाडीचं, पॅलेटच्या दगडांच्या टोकांना 9415. पॅलेट फोर्कच्या पिव्होटना काहीही नाही. ज्वेलच्या वाटीचा अर्धा भाग भरला की पुरे. त्याहून जास्त झालं तर तेल वाटीबाहेर ओढलं जातं आणि पिव्होट कोरडाच राहतो.

सई_दादर

आणि मेनस्प्रिंग? चावी पूर्ण देऊनही जेमतेम वीस तास चालणारी तोंगजी पुष्कळ मिळतात.

पिव्होट

जुनी कार्बन स्टीलची निळी स्प्रिंग थकते. बॅरलमधून काढून सपाट ठेवा. ती इंग्रजी एस अक्षरासारखी उलट वळत नसेल, नुसती गुंडाळी होऊन पडली असेल तर तिचं बळ गेलेलं आहे. नवी घ्यायला तीन मापं लागतात: रुंदी, जाडी, लांबी. रुंदी आणि जाडी मायक्रोमीटरने, 0.01 मिमीपर्यंत. रुंदीत थोडी कमी चालते, जास्त अजिबात नाही, बॅरलच्या झाकणाला घासते. जाडी वाढवून 'जोरदार' करायचा मोह टाळा. बॅलन्स गरजेपेक्षा जास्त झुलून पॅलेटच्या मागच्या बाजूला आपटतो आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. पडताळा असा: ताण नसलेली स्प्रिंग बॅरलच्या भिंतीलगत बसली की आर्बर आणि भिंत यांच्यामधल्या जागेच्या क्षेत्रफळाचा निम्मा भाग तिने व्यापलेला असावा.

ठोका_21600

टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल आणि झोका दाखवणारं यंत्र) मोजणाऱ्यांसाठी. तोंगजीचा लिफ्ट अँगल (ठोक्याच्या वेळी पॅलेट फोर्कशी संपर्कात असताना बॅलन्स जितके अंश फिरतो तो कोन) कुठलातरी आकडा ऐकून टाकू नका, एका कारखान्याच्या आणि दुसऱ्याच्या मशीनमध्येही थोडा फरक येऊ शकतो. स्वतः काढा. बॅलन्सच्या एका आऱ्यावर मार्करचा ठिपका द्या, घड्याळ थोडीच चावी देऊन चालू करा, आणि स्लो-मोशनमध्ये पाहा. ठिपका झोक्याच्या दोन्ही टोकांना एकाच जागी, म्हणजे त्याच्या स्थिर जागेच्या बरोबर समोर, थांबतोय असा क्षण आला की झोका 180 अंशांचा आहे. त्याच वेळी टाइमग्राफरचा लिफ्ट अँगल असा बदला की पडद्यावर 180 दिसेल. तो आकडा त्या घड्याळाचा. मग ठिपका पुसा, रंगाचं वजन राहू देऊ नका.

सर्व्हिसिंगनंतर पूर्ण चावीवर, तबकडी वर ठेवून 270 च्या आसपास झोका मिळाला तर तोंगजी तब्येतीने आहे. 24 तासांनी 220 च्या खाली गेलं तर मेनस्प्रिंग किंवा बॅरल तपासा. आडवं ठेवून चांगलं आणि उभं धरलं की 40-50 अंश पडत असेल तर बॅलन्सचे पिव्होट झिजलेले किंवा वाकलेले असू शकतात. बीट एरर ('टिक' आणि 'टॉक' यांच्या वेळेतला फरक) 1 मिलिसेकंदाच्या आत आणा. हेअरस्प्रिंगचं (बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग) बाहेरचं टोक धरणारा स्टड सरकता नसेल तर आतलं टोक धरणारा कॉलेट फिरवावा लागतो, त्यात हेअरस्प्रिंग बिघडण्याचा धोका मोठा. एररचा आकडा फार मोठा नसेल तर अशा वेळी हात न लावणं शहाणपणाचं.

कोपनहेगनकर

त्येनजिनच्या क्रोनोग्राफबद्दल (स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ) कुणी लिहिलं नाही अजून. '1963' नावाचं ते तारा असलेलं घड्याळ बाहेर सगळीकडे दिसतं.

काटेकोर

त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद हवाच. हवाई दलाच्या वैमानिकांसाठी क्रोनोग्राफ बनवायचं काम 1961 मध्ये त्येनजिनच्या कारखान्याकडे आलं, कामाचा क्रमांक 304. स्विस व्हीनस कंपनी आपल्या 175 मशीनची यंत्रसामग्री विकत होती, ती चीनने घेतली. त्यावरून एसटी3 हे कॉलम व्हीलचं (क्रोनोग्राफ चालू-बंद करणारं खांबांचं चाक) मशीन उभं राहिलं. नमुने 1963 चे, मंजुरी 1965 ची. घड्याळं लष्करासाठी होती, दुकानात आलीच नाहीत, त्यामुळे मूळ नग अत्यंत दुर्मीळ.

आज बाजारात जे '1963' मिळतं ते त्याची नवी आवृत्ती आहे, आत एसटी19, 21600 ठोक्यांचं. घड्याळ छान आहे, कॉलम व्हीलचा क्रोनोग्राफ इतक्या कमी पैशांत दुसरीकडे मिळणं कठीण. पण ते नवं म्हणूनच घ्या. मागे काचेतून निळे स्क्रू, ब्रिजवर पट्टेदार पॉलिश, चाल जुळवायचा हंसाच्या मानेसारखा रेग्युलेटर दिसत असेल आणि विक्रेता 'साठच्या दशकातलं लष्करी' म्हणत असेल तर तिथेच थांबा.

पिव्होट

एसटी19 सर्व्हिस करणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती: एक्सेंट्रिक (केंद्र एका बाजूला असलेल्या) स्क्रूंना हात लावू नका. क्लचची दातात किती खोल पकड बसते, मिनिटांचा काटा केव्हा उडी मारतो, हे त्यांच्यावर ठरतं. आधी मोजा. क्रोनोग्राफ बंद असताना आणि चालू असताना झोका घ्या. 20-30 अंशांची घट ठीक. 50 किंवा वर असेल तर पकड जास्त खोल आहे, तेव्हाच आणि तेवढाच तो एक एक्सेंट्रिक केसभर फिरवा. क्रोनोग्राफचा सेकंदकाटा सुरू करताना थरथरत उडी मारत असेल तर पकड उथळ आहे किंवा क्रोनोग्राफच्या मधल्या चाकाची टेन्शन स्प्रिंग ढिली.

सई_दादर

मागवायचं कुठून? अलीएक्सप्रेस तर बंद आहे.

ठोका_21600

हो, 2020 पासून भारतात बंद. ईबेवर चीनमधले आणि युरोपातले विक्रेते आहेत. युरोपातले संग्राहक विकतात तेव्हा माहिती जास्त नेमकी असते. किंमत ठरवताना टपाल आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा, आणि वर सर्व्हिसिंग, काच, पट्टा. पट्ट्याची रुंदी बहुतेक पुरुषी घड्याळांत 18 मिमी असते, तरी मोजून घ्या. अ‍ॅक्रिलिक काचेचा व्यास 0.1 मिमीपर्यंत मोजावा लागतो. केसवर 'वॉटरप्रूफ' अशी खूण असली तरी पन्नास वर्षांचं रबर गॅस्केट कडक झालेलं असतं, पाण्याजवळ नेऊ नका.

जुनं_ते_सोनं

पहिलं घड्याळ म्हणून एकच नाव सांगायचं तर?

काटेकोर

शांघाय 7120, छुआनगांग, मूळ तबकडी, झाकण उघडलेल्या फोटोसकट. नग भरपूर आहेत, त्यामुळे चांगला मिळेपर्यंत नकार देत राहता येतो. सुटे भाग अजून सापडतात. दुसरं घेताना तानतोंगचं 'खोंगच्वे' म्हणजे मोर, किंवा त्सुआनशी एसएम1ए-के पाहा. ए581 कडे लगेच जाऊ नका. त्याची मागणी मोठी आहे आणि तबकड्या बदललेले, रंगवलेले नग त्यातच सर्वाधिक. आधी वीस-पंचवीस खात्रीच्या फोटोंवर डोळा बसू द्या: आकड्यांचं वळण, काट्यांची लांबी, झाकणावरच्या अक्षरांची खोली. 7120 चे फोटो मिळाले की इथेच टाका, तबकडी, झाकण आणि ब्रिज असे तीन वेगळे. पिव्होट आणि मी पाहून सांगू.